मदत हवी: वाचनालयाची जुनी फाईल एक्सेलमध्ये उघडते पण सगळा कचरा दिसतोय

घाईत_आहे: वाचनालयाच्या जुन्या कॉम्प्युटरवरून पुस्तकांची यादी पेन ड्राइव्हवर आणली, एक्सेलमध्ये उघडली तर काहीच वाचता येत नाहीये. पुढच्या आठवड्यात अनुदानाची तपासणी आहे, प्लीज लवकर सांगा. गुगल करून झालंय.

डॉसवाला: फाईल कसली? टिंबाच्या पुढे काय आहे?

सानपाडाकर: एक्सेलचा पासवर्ड विसरलात तर गुगल शीट्समध्ये टाकून बघा.

घाईत_आहे: पासवर्ड कुठून आला मध्येच?? डीबीएफ आहे.

डॉसवाला: म्हणजे बहुतेक फॉक्सप्रो असणार, विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा जुना डेटाबेस प्रोग्रॅम. यादी मराठीत का इंग्रजीत?

घाईत_आहे: मराठीतच असणार ना. दाखल नंबर, किमती बरोबर दिसतात, नाव आणि लेखकाच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. शेरा कॉलम तर कोराच आहे.

अक्षरमित्र: श्रीलिपीचा फॉन्ट टाका, दिसेल.

डॉसवाला: नाही हो, डॉसवर कुठली श्रीलिपी. मराठी टाईप करायला आणि दिसायला लागायचं ते सीडॅकचं जिस्ट कार्ड होतं का त्या मशीनमध्ये?

घाईत_आहे: आमचे जुने ग्रंथपाल म्हणतात होतं. त्याचा काय संबंध?

डॉसवाला: सगळा संबंध तिथेच आहे. मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमध्ये आहे, आताच्या युनिकोडमध्ये नाही, कितीही फॉन्ट बदला काही होणार नाही. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये फाईल उघडा, कॅरेक्टर सेट विचारेल तिथे आयएसओ-८८५९-१ निवडा, त्याच सेटमध्ये सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविराम घातलेली साधी मजकूर फाईल, करून ठेवा. मग विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ती सीएसव्ही कोडपेज ५७००२ ने वाचून यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडमध्ये, लिहायची, ५७००२ म्हणजे इस्की देवनागरी. मूळ फाईलची कॉपी ठेवा आधी.

कोहाप्रेमी: एवढा खटाटोप कशाला, कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सरळ त्यावर या.

डॉसवाला: आणि पुस्तकं परत हाताने टाईप कोण करणार, तुम्ही? कोहात टाकायलाही आधी मराठी वाचता यायला हवी.

मुक्ता_पुणे: जिस्ट कार्ड!! आमच्या ऑफिसात ते असलेल्या मशीनवर बसायला भांडणं व्हायची.

अक्षरमित्र: कुठल्यातरी ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवा ना, दोन मिनिटांचं काम.

मुक्ता_पुणे: सभासदांचे पत्ते, फोन असतील तर मुळीच नको.

घाईत_आहे: मराठी आली!! जोडाक्षरंपण बरोबर आहेत. शेरा अजून कोराच.

डॉसवाला: शेरा मेमो, म्हणजे लांब मजकुराचा कॉलम, असेल, त्याचा मजकूर वेगळ्या एफपीटी फाईलमध्ये असतो. डीबीएफच्याच नावाची एफपीटी आणलीत का?

घाईत_आहे: फक्त डीबीएफ आणली, तेव्हा हे कोणी सांगितलंच नव्हतं. तो कॉम्प्युटर परवा भंगारवाला घेऊन जाणार होता, थांबा फोन करतो.