मदत हवी आहे: कोअर स्विचची जोडी अपग्रेड करायची आहे, रुग्णालय बंद न पाडता

रात्रपाळी:

नमस्कार मंडळी,

एका २५० खाटांच्या रुग्णालयात नेटवर्क बघतो. म्हणजे मी आणि एक ज्युनिअर पोरगा, एवढीच फौज. कोअरला (सगळं ट्रॅफिक जिथून जातं त्या मध्यभागी) सिस्को नेक्सस ९३०० चे दोन स्विच आहेत, व्हीपीसीत जोडलेले, म्हणजे खालच्यांना दोघे मिळून एकच स्विच वाटतात. मजल्यांवरचे १४ अ‍ॅक्सेस स्विच दोन्हीकडे एकेक फायबर टाकून पोर्ट-चॅनलने (अनेक वायरी मिळून एक लिंक) जोडलेत. सगळ्या व्हीलॅनचे (नेटवर्कच्या वेगळ्या भागांचे) गेटवे, म्हणजे बाहेर जायची दारं, याच जोडीवर, एचएसआरपीने: एक पडला तर दुसरा तेच दार सांभाळतो. सॉफ्टवेअर ९.३ मालिकेतलं. आधीच्या माणसाने "चालतंय ना, मग हात लावू नकोस" असं सांगून चार्ज दिला आणि मी ते इमानेइतबारे पाळलं. आता ऑडिटवाल्यांनी लाल शेरा मारलाय, त्यामुळे १०.३ वर जायचंय.

अडचण अशी की मला विंडोच नाही, म्हणजे नेटवर्क बंद ठेवता येईल अशी वेळ. रात्री २ वाजताही आयसीयूचे मॉनिटर मध्यवर्ती स्टेशनला डेटा पाठवत असतात, कॅज्युअल्टीतला सीटी होतो आणि त्याच्या प्रतिमा रेडिओलॉजिस्ट घरून बघतात. प्रशासनाचा एकच प्रश्न: "किती वेळ बंद राहणार?" शून्य म्हणायला जीभ रेटत नाही, आणि दहा मिनिटं म्हणालो तर परवानगी मिळत नाही.

आयएसएसयू म्हणजे चालू ट्रॅफिकवर होणारं अपग्रेड वापरावं, की सरळ एकेक स्विच रीलोड करावा? दोघांपैकी आधी कोणता? आणि मी काय विसरतोय? (हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.)

फायबरतोड्या:

आधी स्विचलाच विचारा. नवीन इमेज (सॉफ्टवेअरची फाइल) बूटफ्लॅशवर (स्विचच्या आतल्या साठवणीवर) टाका आणि "शो इन्स्टॉल ऑल इम्पॅक्ट" चालवा, शेवटी "नॉन-डिस्रप्टिव्ह" लावून. याने काहीही बदलत नाही, स्विच फक्त सांगतो की अपग्रेड कसं होईल, रीलोड लागेल की नाही, बायोसही बदलणार का. सोबत "शो स्पॅनिंग-ट्री आयएसएसयू-इम्पॅक्ट" आणि "शो एलएसीपी आयएसएसयू-इम्पॅक्ट" हेही बघा. (स्पॅनिंग-ट्री नेटवर्कमध्ये पॅकेटांचा फेरा होऊ देत नाही, एलएसीपी पोर्ट-चॅनलच्या दोन टोकांचं बोलणं चालू ठेवतं.) तिघांचं उत्तर इथे टाका, मग बोलू.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. तुमच्या खोक्यात सुपरवायझर, म्हणजे स्विचचं डोकं, एकच आहे. मोठ्या चॅसिसमध्ये दोन असतात, एक झोपला की दुसरा गाडी चालवतो. तुमच्याकडे आयएसएसयूत काय होतं, तर आतला कर्नल नव्याने चढतो आणि तोवर पॅकेट पुढे ढकलणारी चिप जुन्या माहितीवर काम करत राहते. त्या वेळात, म्हणजे १२० सेकंदांपर्यंत, स्विचचं डोकं बंद असतं. नवीन मॅक (यंत्रांचे हार्डवेअर पत्ते) शिकणं नाही, एआरपीला (आयपीवरून मॅक विचारणाऱ्या प्रश्नाला) उत्तर नाही, स्पॅनिंग-ट्री नाही. हात चालू, मेंदू बंद, असा प्रकार.

रात्रपाळी:

चालवलं. स्पॅनिंग-ट्रीने नापास केलं, कारण त्या झाडाचं मूळ, म्हणजे रूट, आमचा कोअरच आहे. एलएसीपीनेही नापास केलं: फायरवॉलकडच्या दोन पोर्ट-चॅनलवर कोणीतरी फास्ट टायमर लावून ठेवलाय.

फायबरतोड्या:

मग बरोबरच आहे. फास्ट म्हणजे दर सेकंदाला एक पॅकेट, तीन चुकली की समोरचा लिंक सोडून देतो. म्हणजे ३ सेकंद. साध्या टायमरला ३० सेकंदांचं अंतर आणि ९० ची सहनशक्ती असते. ज्याचं डोकं दीड-दोन मिनिटं बंद राहणार त्याला ३ सेकंदांचा शेजारी कसा परवडणार? टायमर बदलता येईल, रूट दुसरीकडे हलवता येईल. पण १४ अ‍ॅक्सेस स्विचमधल्या एखाद्याला रात्री २ ला रूट करणं म्हणजे एक धोका टाळायला दुसरा अंगावर घेणं. मी नसतं केलं.

जुना_कन्सोल:

रात्रपाळी, आयएसएसयूचा नाद सोडा. तुमच्याकडे दोन स्विच आहेत, व्हीपीसी आहे, प्रत्येक मजला दोन्हीकडे जोडलाय. एवढा खर्च कशासाठी केला? एक गेला तर दुसऱ्याने सांभाळावं म्हणूनच ना? मग एकाला सरळ रीलोड करा. साध्या रीलोडमध्ये पोर्टचा दिवाच विझतो, समोरच्याला तत्काळ कळतं आणि तो दुसऱ्या फायबरवर जातो. अर्धवट जिवंत स्विचपेक्षा पूर्ण मेलेला स्विच शेजाऱ्यांना सोपा जातो.

पण मार जाताना बसत नाही, परत येताना बसतो. आधीच्या एका नोकरीत (नाव राहू दे) मी हेच केलं होतं. पहिला स्विच गेला, एक पिंग (पोहोच तपासणारं छोटं पॅकेट) तुटला, मी खूश. ज्युनिअरला चहा आणायला पाठवलं. स्विच परत आला आणि अर्धा फ्लोअर पडला. कारण काय, तर पोर्ट वर आले, मजल्यांनी ट्रॅफिक अर्धा-अर्धा वाटून पाठवायला सुरुवात केली, पण स्विचचं आतलं राउटिंग अजून उभंच राहिलं नव्हतं. दार उघडं आणि घरात कोणी नाही. एकेका फायबरवर आलेलं सगळं गायब होत होतं. चहा थंड झाला.

याचा इलाज व्हीपीसीतच आहे: "डिले रिस्टोअर". मूळ किंमत ३० सेकंद असते. ती वाढवा, मी २४० ठेवतो. पीअर-लिंक (दोन स्विचमधली जोडणी) आधी येते, टेबलं भरतात, मग मजल्यांकडचे पोर्ट उघडतात. चार मिनिटं उशीर झाला तर कोणाचं काही बिघडत नाही, दुसरा स्विच काम करतोच आहे.

"पीअर-स्विच" चालू आहे का तेही बघा. असेल तर दोघे मिळून खालच्यांना एकच रूट म्हणून दिसतात, आणि एक गेला तरी स्पॅनिंग-ट्रीत रूट बदलल्याचा गोंधळ होत नाही.

आधी कोणता? व्हीपीसीत एक मुख्य आणि एक दुय्यम असतो, मी दुय्यम आधी घेतो. तो परत आला, तपासला, मग मुख्य. मुख्य परत आल्यावर तो कामापुरता दुय्यमच राहील, भूमिका आपोआप उलटत नाही. ते बघून घाबरू नका आणि ते "नीट" करायलाही जाऊ नका.

आता तिसरा प्रश्न. "शो व्हीपीसी ऑर्फन-पोर्ट्स" चालवा. एकाच स्विचला लटकलेलं जे काही असेल ते पडणार, कितीही देव पाण्यात ठेवा. ही यादी हातात आल्याशिवाय प्रशासनाला कुठलाही आकडा सांगू नका.

परदेशस्थ_पॅकेट:

फ्रँकफर्टहून. आमच्याकडे अरिस्टा कंपनीच्या स्विचच्या जोड्या आहेत, तिथेही हाच खेळ. एमलॅगमध्ये (त्यांची व्हीपीसी) "रीलोड-डिले" म्हणतात आणि मूळ किंमतच ३०० सेकंद. "शो एमलॅग आयएसएसयू वॉर्निंग्ज" म्हटलं की रीलोडने काय तुटेल ते आधीच सांगतो. काही रॅकवर सोनिक (स्विचसाठीची मुक्त-स्रोत प्रणाली) आहे, त्यात वॉर्म-रीबूट आणि फास्ट-रीबूट अशा दोन तऱ्हा आहेत. नावं वेगळी, पण रीलोड करणार असाल तर परत येणाऱ्याला थोपवून धरायचं हे सगळीकडे सारखं. जुना_कन्सोल यांना शंभर टक्के अनुमोदन. चहासुद्धा.

रात्रपाळी:

ऑर्फन-पोर्ट्सची यादी बघून घाम फुटला. ११ पोर्ट.

त्यातले ८ चार ईएसएक्सआय होस्टचे (आभासी सर्व्हर चालवणारी यंत्रं). प्रत्येक होस्टची एक वायर इकडे, एक तिकडे, पण एलएसीपी नाही, म्हणून स्विचच्या लेखी ते अनाथ. दोन पोर्ट टेलिफोन एक्स्चेंजच्या गेटवेचे. आणि अकरावा कळेना. वर्णनात काहीच लिहिलेलं नाही. शेवटी दुपारी रॅकमागे बसून वायर हाताने चाचपत गेलो. पिवळी पॅच कॉर्ड, पंख्याच्या धुळीने काळी पडलेली, केबल मॅनेजर सोडून थेट भिंतीतल्या भोकात घुसलेली. टोकाला मास्किंग टेप, त्यावर बॉलपेनने "तात्पुरते", खाली २०१९. दुसरं टोक निघालं सीटी स्कॅनच्या कन्सोलला.

जुना_कन्सोल:

"तात्पुरते" या शब्दावर भारतातली निम्मी नेटवर्क उभी आहेत.

सीटीला घाबरू नका. कन्सोल प्रतिमा स्वतःजवळ ठेवतो आणि पाठवायची रांग लावून धरतो. लिंक आली की परत पाठवतो. पण सीटीच्या तंत्रज्ञाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो दहा वेळा बटण दाबेल आणि मग तुम्हाला फोन करेल.

होस्टकडे मात्र नीट बघा. व्हीस्विचच्या (होस्टच्या आतल्या आभासी स्विचच्या) टीमिंगमध्ये (कोणती वायर कधी वापरायची त्या सेटिंगमध्ये) "फेलबॅक" "होय" असेल तर ते "नाही" करा. नाहीतर स्विच परत येताना पोर्टचा दिवा लागला की होस्ट लगेच जुन्या वायरवर उडी मारतो, आणि डिले रिस्टोअर फक्त व्हीपीसीच्या पोर्टना थांबवतं, अनाथांना नाही. त्यांच्यासाठी "डिले रिस्टोअर ऑर्फन-पोर्ट" वेगळं असतं. होस्टचे पोर्ट स्पॅनिंग-ट्रीत "एज ट्रंक" (टोकाच्या यंत्राचे, न थांबता चालू होणारे) केलेत का तेही तपासा. नसतील तर दिवा लागल्यावर ३० सेकंद पोर्ट ऐकत आणि शिकत बसतो, पुढे काही पाठवत नाही.

बाकी नेहमीचं. १०.३ ची नावात "६४" असलेली इमेज घ्या, ती जवळपास २ जीबी आहे, बूटफ्लॅशवर जागा करा. उतरवल्यावर चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे दाखवणारा आकडा) जुळवा, दोन्ही स्विचवर. कॉन्फिग स्विचच्या बाहेर काढून ठेवा, लॅपटॉपवर, आणि तो लॅपटॉप याच नेटवर्कवर अवलंबून नको. कन्सोल केबल आधी लावून, लॉगिन करून बघा. रात्री २ ला ड्रायव्हर शोधू नका. "स्नॅपशॉट" (स्विचच्या स्थितीची नोंद) घ्या, नंतर आधीचा आणि नंतरचा एका कमांडने ताडून बघता येतो. "इन्स्टॉल ऑल" नेच करा, बूट ओळ बदलून नुसता रीलोड नको. इन्स्टॉल ऑल तपासण्या करतो आणि बायोसही सांभाळतो. बायोस चढत असताना वीज काढायची नाही, स्विच कितीही गप्प वाटला तरी. आणि दोघांवर दोन आवृत्त्या असतील तेवढ्या वेळात कॉन्फिगला हात लावायचा नाही.

ईपीएलडीचं (स्विचमधल्या हार्डवेअर चिपांच्या फर्मवेअरचं) अपग्रेड त्याच रात्री उरकायचा मोह होईल. नको. ते वेगळं काम आहे, त्यालाही रीलोड लागतो.

वॉर्डबॉय_ते_आयटी:

मी तुमच्या टेबलाच्या पलीकडे होतो म्हणून सांगतो. प्रशासनाला मिनिटं सांगू नका, विभाग सांगा. "टेलिफोनची बाहेरची लाइन १० मिनिटं नसेल, सीटीच्या प्रतिमा १० मिनिटं उशिरा जातील, बाकी ठिकाणी एखाद-दोन सेकंद अडखळेल." असं सांगितलं की सही होते. आयसीयूच्या सिस्टरना स्वतः जाऊन सांगा, ईमेल कोणी वाचत नाही. मॉनिटर बेडजवळ चालूच राहतो, फक्त मध्यवर्ती स्टेशनवर चित्र थांबू शकतं, हे त्यांना माहीत असतं. पण कधी, ते सांगायला हवं. आणि कॅज्युअल्टीत त्या क्षणी सीटीवर पेशंट असेल तर थांबायचं. ठरलेली वेळ गेली तरी चालेल.

रात्रपाळी:

झालं एकदाचं. काल रात्री. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

२ ला सुरू करणार होतो, सीटीवर अपघाताची केस आली, म्हणून २:४० ला. ज्युनिअरला आयसीयूत उभं केलं, फोन चालू ठेवून. माझ्याकडे सहा खिडक्यांत पिंग, सेकंदाला पाच, कारण सेकंदाला एक असेल तर बारीक खाचा दिसतच नाहीत.

दुय्यम स्विच गेला तेव्हा मजल्यांवर १ ते ३ पिंग तुटले, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास. आयसीयूतून पोरगा म्हणाला, "सर, सुरू केलं का?" तेव्हा स्विच जाऊन दोन मिनिटं झाली होती. नऊ मिनिटांनी परत आला, आणखी चार मिनिटं पोर्ट दाबून बसला, आणि मग उघडले तेव्हा एकही पिंग तुटला नाही. स्नॅपशॉट ताडला, मॅक आणि एआरपीचे आकडे बघितले, अर्धा तास नुसता बसलो.

मग मुख्य. जातानाही तसंच. टेलिफोन आणि सीटी सांगितल्याप्रमाणे गेले. परत येताना मात्र पाच खिडक्या शांत आणि सहावी लाल. लॅबच्या सर्व्हरची. ३१ सेकंद. मोजले, कारण दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. मग आपोआप आला.

कारण सकाळी सापडलं. व्हीस्विचवर मी फेलबॅक "नाही" केलं होतं, चारही होस्टवर. पण लॅबच्या पोर्ट-ग्रुपवर (व्हीस्विचवरच्या पोर्टांच्या गटावर) कोणीतरी पूर्वी स्वतंत्र सेटिंग करून ठेवलं होतं, ते वरच्याला जुमानत नाही. तिथे "होय" तसंच होतं, पसंतीची वायर मुख्य स्विचची, आणि नेमक्या त्या होस्टचा पोर्ट एज ट्रंक नव्हता. बाकी तीन होते, चौथा माझ्या नजरेतून सुटला. दुय्यमच्या वेळी दिसलं नाही, कारण लॅब दुय्यमच्या वायरवर नव्हतीच. लॅबमध्ये कोणाला पत्ता नाही, अ‍ॅनालायझरने निकाल नंतर पाठवले.

दोन्ही स्विच १०.३ वर आहेत. ईपीएलडी पुढच्या महिन्यात. ऑर्फन पोर्टांना वर्णनं टाकली. सीटीला आता अ‍ॅक्सेस स्विचवर पोर्ट देणार आहे, पुढच्या आठवड्यात नक्की. टेप तोवर तशीच ठेवलीये.

जुना_कन्सोल:

अभिनंदन. टेपवर २०१९ खोडून चालू वर्ष घाला, म्हणजे पुढच्या माणसाला हिशोब लागेल.