घरी दुधाचा साबण केला, रंग पार बिघडला आणि सासूबाईंचा मोदकाचा साचा काळा पडला. काय चुकलं?

डिचोलीची_सून
नमस्कार, चवथीला येणाऱ्या पाहुण्यांना घरचाच साबण द्यायचा असं मनात होतं, म्हणून आधी एक घाणा करून बघितला. घाण्यावरचं खोबरेल 500 ग्रॅम, कॉस्टिक सोडा 87 ग्रॅम, गाईचं दूध 165 ग्रॅम. दूध कोमट होतं, त्यातच कॉस्टिक घातला तर बघता बघता दूध पिवळं, मग नारिंगी, मग गुळाच्या काकवीसारखं झालं आणि असा उग्र वास सुटला की आमचं मांजर दोन दिवस स्वयंपाकघरात फिरकलं नाही. तरी नेटानं तेलात ओतलं, ब्लेंडर फिरवला, दोन वाट्या वेगळ्या काढून एकीत हळद आणि एकीत आमसुलाचा आगळ घातला. हळदीचा झाला लालभडक, आणि गुलाबी येईल म्हणून घातलेल्या आगळाचा शेवाळी-तपकिरी चिखल. सुंदर दिसेल म्हणून थोडं मोदकाच्या साच्यात घातलं तर ते फसफसायला लागलं आणि साचा आतून काळा!! उरलेलं डब्यात ओतून गोधडीत गुंडाळून ठेवलं, सकाळी बघते तर मधोमध ही मोठी भेग. साचा सासूबाईंच्या माहेरचा आहे हो, त्यांना अजून सांगितलेलं नाही. रंग नैसर्गिकच हवेत, बाजारातले नकोत. काय करू?

फोंड्याचा_बाब्या
आधी साच्याचं बोलूया. तो अॅल्युमिनियमचा असणार. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, फसफस झाली ती त्याची. त्या साच्यातला साबण टाकून द्या आणि साचा परत मोदकाला वापरू नका, सासूबाईंना आजच सांगा, चवथीच्या आदल्या दिवशी कळलं तर जास्त महाग पडेल 😀 भांडी स्टीलची नाहीतर जाड प्लास्टिकची, साचा सिलिकॉनचा. नाहीतर ज्यूसचा रिकामा खोका आडवा ठेवून एक बाजू कापायची, फुकटातला साचा, नंतर कागद फाडला की वडी मोकळी. करवंटीची हौस मीही केली होती, सुटता सुटला नाही, शेवटी करवंटी फोडली.

आणि हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धूत राहायचं, व्हिनेगर वगैरे चोळत बसायचं नाही. कॉस्टिक पाण्यात घालायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही.

साबणवेडी_वाळपई
अगो तुझं दूध जळलं. दुधातली साखर कॉस्टिकच्या उष्णतेनं करपते, म्हणून तो काकवी रंग, आणि वास येतो तो दुधातल्या प्रथिनांचा, थोड्या दिवसांत जातो. दूध आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये गोठव, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेव आणि त्या दुधाच्या खड्यांवर कॉस्टिक चमचा चमचा घालत ढवळत राहा, अर्धा तास लागला तरी लागू दे. थोडं दाटसर, गुठळीदार होतं कारण दुधातल्या स्निग्धाचाच साबण व्हायला लागतो, घाबरायचं नाही, गाळून घे. एवढा पेशन्स नसेल तर (मला नाही) 75 ग्रॅम पाण्यात कॉस्टिक विरघळवून पूर्ण गार कर, बाकीचं 90 ग्रॅम थंड दूध तेलात घालून ब्लेंड कर आणि मग ते कॉस्टिकचं पाणी ओत.

भेग पडली ती गोधडीमुळे. दुधाचा साबण आधीच तापतो, त्याला ऊब कशाला देतेस, उलट रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. आणि तुझं माप नुसत्या खोबरेलाला कडक आहे. 500 ग्रॅम खोबरेल पूर्ण साबण व्हायला साधारण 91 ग्रॅम कॉस्टिक लागतो, तू 87 घातलास म्हणजे जेमतेम 5 टक्के तेल सुटं राहिलं. खोबरेलाचा साबण मुळातच अंग कोरडं करणारा, म्हणून त्यात 20 टक्के तेल सुटं ठेवतात, म्हणजे कॉस्टिक 73 ग्रॅम. तेल बदललंस तर आकडाही बदलतो, हे विसरू नको, मी एकदा थोडं भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) घातलं आणि जुनाच आकडा धरला तर चुकलं. डब्यातली वडी सहा आठवडे ठेव आणि फडक्याला, भांड्यांना वापर.

केमिस्ट्रीत_नापास
रंगाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्या आज्यांना पाठ होतं, कॉस्टिक तर चुन्याचा बाप. महिनाभरात तो लाल उतरून विटकरी-पिवळा होईल आणि उजेडात आणखी फिका. आमसूल, जास्वंद, बीट यांचे रंग आंबट गोष्टीत टिकतात, साबणात त्यांचा चिखलच होतो. नारिंगी-पिवळ्याला शेंदरीच्या बिया, त्या काटेरी बोंडातल्या, कोमट खोबरेलात रात्रभर ठेवायच्या आणि गाळायच्या, पण ते तेल एकूण तेलात धरून मोजायचं. फिकट लाल-जांभळ्याला मंजिष्ठा. विटकरीला काव, ती लोखंडाची माती, तिला कॉस्टिकचं काही वाटत नाही. काळ्याला कोळशाची पूड. पांढराशुभ्र मात्र दुधाच्या साबणात सोडून द्या, साय-रंग आला तरी जिंकलात.

डिचोलीची_सून
देव बरें करूं सगळ्यांचं! सासूबाईंना सांगितलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या "तो साचा गळतच होता", मी आठवडाभर उगाच झोप घालवली. परवा 73 ग्रॅमवाला केला, गोठवलेलं दूध, शेंदरीचं तेल, ज्यूसचा खोका, फ्रीज. रंग पिकल्या पपईसारखा आलाय. पण वर पांढरी पूड धरलीय, ते काय? आणि पावसात सुकेल का?

साबणवेडी_वाळपई
पूड म्हणजे धुण्याचा सोडा, कॉस्टिकला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून होतो, सुरीनं खरवड किंवा ओल्या फडक्यानं पूस. नुसत्या खोबरेलाचा साबण लवकर घट्ट होतो, तू घट्ट होताच कापलास ना? नाहीतर भुगा होतो. पावसात हवेतलं पाणी ओढून तो घाम काढतो, पंख्याखाली अंतर सोडून उभा ठेव, मोरीजवळ नको. सहा आठवडे तरी धर. ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लाव, बॅटरीसारखा झटका बसला तर अजून थांब, साबणासारखाच कडू लागला तर चवथीला चालेल.