रशियन येणाऱ्यांनो, मदत हवी आहे: ‘क्रेन्स आर फ्लाइंग’मधलं बडबडगीत

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा चित्रपट दाखवतो. या वेळी मिखाईल कालातोझोव्हचा १९५७ चा ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ घेतलाय (१९५८ मध्ये कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालेला). आईसारख्या मंडळींना इंग्रजी सबटायटल्स झेपत नाहीत, म्हणून मी मराठी करायला बसले आणि एका ओळीवर अडकले.

नायिका वेरोनिका आकाशातले पक्षी बघून एक बडबडगीत म्हणते: ‘झुराव्लिकी-कोराब्लिकी...’. म्हणजे इवलाले क्रौंच, इवलाली जहाजं, इतपत कळलं. पण तो ठेका मराठीत कसा आणायचा? शिवाय ‘क्रौंच’ म्हटलं की आपल्याला थेट वाल्मीकी आठवतो. युद्धात ताटातूट झालेली जोडी आहे, तेव्हा ते शोभेलही, पण बडबडगीतात फारच जड वाटतं. करकोचा म्हणू का?

दुसरं, बोरिस तिला ‘बेल्का’ म्हणतो, म्हणजे खार. ‘खारुताई’ केलं तर प्रियकराच्या तोंडी ‘ताई’! हसतील सगळे. नुसतं ‘खारुटले’ कसं वाटतं? खेळण्यातल्या खारीच्या टोपलीत चिठ्ठी दडलेली असते, त्यामुळे खार बदलताही येत नाही.

रविवारपर्यंत सुचवा, प्लीज.