वॅक्स वितळून वाकळीत मुरलं, बोर्ड वाचवायचा कसा?

औसारोड

नमस्कार. मी लातूरचा. हसायचं ते आधीच हसून घ्या, कारण सर्फबोर्डाचं विचारायलोय. ज्या गावाला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या गावात लाटेवर उभं राहायची फळी कशाला, हे घरच्यांनी, गल्लीनं आणि किराणावाल्यानं विचारून झालंय.

दोन वर्षं मंगळूरला नोकरीला होतो. रविवारी जवळच्या मुल्कीला समुद्रावर जाऊन सर्फिंग शिकलो आणि तिथल्याच एकाचा साडेसात फुटी जुना बोर्ड घेतला. मार्चमध्ये नोकरी सुटली. मामाच्या ओळखीचा ट्रक इथून तूरडाळ घेऊन तिकडं आला होता, परत येताना बोर्ड त्याच्यावर टाकला. आज्जीची वाकळ माझ्याजवळ होती, ती गुंडाळली, वरून काळी ताडपत्री, दोरीनं गच्च आवळलं. दोन दिवस ट्रक उन्हात.

घरी सोडून बघितलं तर वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डावर घासतात ते मेण, जागेवर नाही. निम्मं वाकळीत मुरलेलं, निम्मं कडेनं ओघळून खालच्या अंगाला थिजलेलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण मी शहाण्यानं बोर्ड मागच्या पत्र्याच्या शेडात कडब्यावर टाकला आणि विसरलो. आता मे चालू आहे, पारा ४२ च्या खाली यायला तयार नाही. काल बाहेर काढला तर बोर्ड नव्हे, साडेसात फुटी गोवरी. कडब्याचा भुसा, धूळ, कोंबडीची दोन पिसं, सगळं मेणात पक्कं बसलंय. वास मात्र अजून नारळाच्या वडीचा.

तर हे काढावं कसं? गॅरेजवाला मित्र म्हणायलाय, पेट्रोलचं फडकं मार, दोन मिनिटांचं काम आहे. आणि आमच्या ४२-४३ ला टिकंल असं वॅक्स कोणतं? माझ्याकडं 'ट्रॉपिकल' लिहिलेल्या दोन वड्या आहेत, एक 'कोल्ड' आहे, ती बोर्डवाल्यानं फुकट दिली. कोल्ड म्हणजे गार राहणारी असंल तर तीच लावू का? शेतावर मोहोळाचं मेणही मिळतं. ऑक्टोबरात मुल्कीला जायचंय.

आणि वाकळीचं काय करावं तेही सांगा. आज्जी रोज विचारायलीय.

गंगाखेडचा

मोहोळाचं मेण लावा, लाट नसली तरी माशा मागं लागून बोर्ड पळवतील.

बाकी मला यातलं काही कळत नाही, पण धागा वाचायलोय. आमच्याकडं गोदावरीला पाणी असतं तेव्हा लाट नसते आणि लाट असते तेव्हा पूर असतो.

सिंदफणा

दादा, आधी ते पेट्रोलचं फडकं मित्राला परत द्या.

मी माजलगावची. पाच सीझन गोव्यात आश्वे किनाऱ्यावर एका सर्फ शाळेत बोर्ड दुरुस्तीला होते. तुमच्यासारखे वितळलेले बोर्ड मोप पाहिलेत, कडबा चिकटलेला मात्र पहिलाच. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन यांचं भांडण मेणाशी नाही, आतल्या गाभ्याशी आहे. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांच्या आत थर्माकोलच असतो, वरून फायबरचं कापड आणि इपॉक्सी रेझिनचा टणक लेप. गणपतीच्या मखराच्या उरलेल्या तुकड्यावर पेट्रोलचे चार थेंब टाकून बघा, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. बोर्डावर केसाएवढी भेग असली आणि त्यातून पेट्रोल आत गेलं तर वरून काही दिसत नाही, आत पोकळी होते. मेणाखाली भेग आहे की नाही ते तुम्हाला आत्ता कसं कळणार?

काढायचं ते उन्हानं, आणि ते तुमच्याकडं फुकट आहे. गोव्यात बोर्ड दहा मिनिटं उन्हात ठेवायचो, लातूरच्या मेमध्ये तीन-चार पुरे. सकाळी आठच्या सुमाराला मेणाची बाजू वर करून ठेवा, बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे, पाझरायला नको. मग लगेच सावलीत आणा आणि जुन्या एटीएम कार्डानं खरवडा, एका दिशेनं, मधून शेपटीकडं. आधी भुसा आणि खडे हातानं वेचून घ्या, नाहीतर ते कार्डाखाली सापडून सगळीकडं चरे पाडतील. उलथनं, खुरपं, चाकू, लोखंडाचं काहीही नको. जाड थर निघाला की चिकट पापुद्रा राहतो. त्यावर जुन्या पायमोज्यात मैदा भरून घासा, पीठ मेण ओढून घेतं. (ज्वारीचंही चालतं. माझ्या आईनं एकदा मला ज्वारीचं पीठ बोर्डावर घासताना पाहिलं होतं, त्यानंतर मी मैदाच वापरते.) शेवटी फडक्यावर थोडं खोबरेल घेऊन पुसा, आणि मग भांड्याच्या साबणानं खोबरेलही पूर्ण धुऊन काढा. तेलाचा अंश राहिला तर पुढचं वॅक्स धरत नाही, पायाखालून सालपटासारखं सुटतं.

आता तुमचा मोठा गैरसमज. पाकिटावर जे लिहिलेलं असतं ते पाण्याच्या तापमानाचं, हवेचं नाही आणि गावाचं तर नाहीच. ट्रॉपिकल म्हणजे साधारण २४ अंशांच्या वरचं पाणी. मुल्कीचं पाणी बारा महिने त्याच्या वरच असतं. कोल्ड म्हणजे १५ च्या आसपासचं किंवा त्याखालचं पाणी, तिथं चिकटावं म्हणून ती वडी मुद्दाम मऊ केलेली असते. ती लातुरात लावली तर दुपारी बारापर्यंत पातळ तूप. उलट ट्रॉपिकल वडी थंड पाण्यात नेली तर मेणबत्तीसारखी टणक होते आणि पाय सटकतो. ४३ ला टिकणारं वॅक्स मिळालंच तर ते समुद्रात चिकटणार नाही, कारण चिकटायला ते थोडं मऊ व्हावंच लागतं. म्हणून आत्ता काहीच लावू नका. खरवडून स्वच्छ केलेला बोर्ड ऑक्टोबरपर्यंत उघडाच राहू द्या.

मोहोळाचं मेण ६२-६५ अंशांना वितळतं, म्हणजे तुमच्या उन्हाला ते दाद देणार नाही. पण एकटं लावलं तर टणक बसतं. घरी वॅक्स करणारे लोक त्यात खोबरेल आणि झाडाचा डिंकासारखा चीक घालून मऊ-चिकट करतात. पूर्वी सर्फर साधं पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचं मेणही घासायचे. हौस असेल तर करून बघा, पण पहिल्याच खेपेला नको.

ऑक्टोबरात लावताना दोन थर. खाली बेसकोट, तो टणक असतो, त्याची वेगळी वडी घ्या, साडेसात फुटीला पहिल्यांदा जवळजवळ अख्खी जाते. बोर्ड गार पाहिजे. घरूनच लावणार असाल तर पहाटे पाचला, रांजणातलं पाणी ओतून, कोरडा करून. वडीची कड तिरपी धरायची आणि हलक्या हातानं छोटे गोल फिरवत जायचं. लोक इथंच चुकतात, जोर लावतात. जोर लावला की थर सपाट होतो, आणि सपाट वॅक्सवर पाय टिकत नाही. तूप कढवल्यावर रवाळ होतं ना, तसे दाणे धरले पाहिजेत. दाणे धरायला वीस मिनिटं लागतात, खांदा दुखतो, त्याला इलाज नाही. जिथं पाय पडतात आणि उठताना जिथं हात टेकतात, तिथं नीट लावा. बोर्डाच्या खालच्या बाजूला काही लावायचं नाही, ती पाण्यावर घसरायलाच हवी. ट्रॉपिकलचा वरचा थर घरी लावूच नका, किनाऱ्यावर पोचल्यावर सावलीत लावा. नाहीतर ट्रक, ताडपत्री आणि हाच धागा परत.

वाकळीला चमच्याच्या पाठीनं मेण खरवडा. मग खाली-वर साधा खाकी कागद ठेवून मंद इस्त्री, कागद तेलकट झाला की बदला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. साड्यांची वाकळ असेल तर आत एखादी नायलॉनची घडी असतेच, तेव्हा इस्त्री कमीच ठेवा.

आसनाकाठ

ताई, एवढा सोपस्कार? मी चेन्नईजवळ कोवलमला दोन वर्षं केलं, एकदाही सगळं वॅक्स काढलं नाही. कंगव्यानं आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, वरून नवीन घासायचं, चाललं. बेसकोट विकायचा धंदा आहे हा.

सिंदफणा

रोज पाण्यात असाल तर रेघा आणि नवीन थर एवढ्यावर दोन-तीन महिने निघतात, मीही तेच करायचे. पण यांच्या मेणात कडबा आहे. त्याच्यावर पालथं झोपून हात मारून बघा, छातीला काय होतं ते.

बेसकोटाचं म्हणाल तर अगदी गरम पाण्यात काही लोक नुसता बेसकोटच लावून खेळतात. त्यामुळे तो धंदा असला तरी उपयोगाचा धंदा आहे.

औसारोड

नऊ दिवसांनी परत आलोय.

ताई, निघालं सगळं. तीन दिवस सकाळी तासभर खपलो. उन्हात चार मिनिटं ठेवला ते जास्तच झालं, पहिल्या दिवशी तर ओघळायलाच लागलं, दुसऱ्या दिवसापासून अडीच मिनिटं धरली. खरवडलेल्या मेणाचा गोळा नारळाएवढा झाला. लेकरं त्याला लाडू म्हणून एकमेकांना दाखवायलीत, म्हणून डब्यात बंद केला.

मेणाखाली काय निघालं ते ऐका. गुडघा टेकतो तिथं कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग, आणि एका कडेला दोन इंचाची आणखी एक. कडेच्या भेगेभोवती तांबूस डाग आहे. शिवाय शेपटीकडं एक छोटा स्क्रू सापडला, तो आजवर मला कंपनीचा शिक्का वाटायचा. मुल्कीच्या माणसाला फोन केला तर म्हणाला, थर्माकोलचाच आहे, आणि तो स्क्रू गरम झालेली हवा बाहेर जायला असतो, प्रवासात ढिला करायचा, पाण्यात जायच्या आधी आवळायचा. म्हणजे दोन दिवस काळ्या ताडपत्रीखाली आतली हवा फुगत होती आणि मी स्क्रूवर मेण थापलेलं. वरचं कापड सुटून फुगा आला नाही हे नशीब. गॅरेजवाल्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मी तर डिझेलही म्हणणार होतो.

बोर्ड आता जुन्या घरात माळवदाच्या खोलीत, आज्जीच्या बाजेखाली. दुपारी हात लावला तर गार लागतो, पत्र्याच्या शेडात हातही लावू देत नव्हता. वाकळीचं इस्त्रीनं बरंचसं निघालं, तीन खाकी पिशव्या गेल्या. वास गेला नाही. आज्जी म्हणते, राहू दे, ढेकूण लागणार नाहीत.

भेगांचं काय करू? हार्डवेअरच्या दुकानात फायबरचं रेझिन आहे, पाण्याच्या टाक्यांना लावतात ते. स्वस्त आहे. ते भरू का?

सिंदफणा

तांबूस डाग म्हणजे पाणी आत गेलंय. आधी वाळवा. कडेची भेग खाली येईल असा सावलीत कडेवर उभा करा, आणि रोज सकाळी भेगेवर टिश्यू दाबून बघा. ओला यायचा बंद झाला तरी आणखी आठवडा थांबा. तुमच्या हवेत लवकर वाळेल, तेवढा एक फायदा आहे तुमचा आमच्यावर.

टाकीचं रेझिन नको. ते बहुतेक पॉलिस्टर असतं, त्यातलं स्टायरीन थर्माकोल खातं, पेट्रोलसारखंच. इपॉक्सी मागा, दोन बाटल्यांत येतं, डब्यावर 'इपॉक्सी' वाचूनच घ्या. दुकानदार म्हणेल दोन्ही एकच आहे.