सांध्याच्या ऑपरेशननंतर मनाने साथ दिली का? अनुभव लिहा

गुडघा, खुबा, खांदा यांच्या ऑपरेशननंतर पेशंटकडून व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. ऑपरेशन तेच, एक्स-रे तितकाच चांगला, तरी एक जण भराभर चालू लागतो आणि दुसरा पलंगाच्या कडेलाच अडकतो. हा फरक बऱ्याचदा भीतीत, झोपेत, घरातल्या माणसांत असतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येतही वेदना हा संवेदनेबरोबरच भावनेचाही अनुभव मानला आहे. तरी डिस्चार्जच्या कागदावर मनाबद्दल सहसा एक ओळही नसते, याचं मला फार वाईट वाटतं. जे यातून गेलेत किंवा घरच्यांचं करतायत, त्यांनी जरूर लिहा.

गुडघा बदललेली आजी

डावा गुडघा बदलला तेव्हा मी सत्तरीला टेकले होते. टाके सुकले, एक्स-रे छान आला, पण गुडघा ७० अंशांपुढे वाकेना. जिना नीट चढायला साधारण ९० तरी लागतात. टाच गादीवरून मागे ओढायची म्हटली की मी श्वास रोखायची, चादर मुठीत आवळायची, मांडी दगडासारखी कडक. आत काहीतरी तुटेल असंच वाटायचं.

एके दिवशी फिजिओताईंनी कोन मोजायची पट्टी बाजूला ठेवली आणि विचारलं, "आजी, रात्री झोप लागते का?" मला रडूच फुटलं. हे गेले त्याला वर्षही झालं नव्हतं, मुलं दिवसभर कामावर, बोलायला कुणी नाही, मग सगळं लक्ष त्या गुडघ्याकडेच. ताईंनी समजावलं की घाबरलं की मांडीचे स्नायू आपोआप आवळतात, ते गुडघा वाकू देत नाहीत, जबरदस्तीने वाकवलं की दुखतं आणि भीती आणखी वाढते. तेव्हापासून टाच मागे घेताना सावकाश श्वास सोडायचा, थोडं वाकलं की तिथेच थांबायचं, असं सुरू झालं.

शिवाय माझी वेळ त्यांनी दुसऱ्या एका बाईंच्या वेळेला जोडून दिली. त्यांचा गुडघा माझ्याआधी बदललेला. शेजारी पाय वाकवता वाकवता त्या म्हणाल्या, "माझंही इथेच अडलं होतं हो." डॉक्टरांनी कितीदा सांगितलं असेल, पण पटलं ते त्यांच्या तोंडून. हळूहळू ९०च्या पुढे गेले.

लिगामेंटचं ऑपरेशन झालेला खेळाडू

मांडीची ताकद दुसऱ्या पायाइतकी आली होती, एका पायावरच्या उड्यांची चाचणीही पास झालो. मैदानात मात्र वळायची वेळ आली की पाय उचलायचाच नाही. परत खेळायची मनाची तयारी किती आहे हे पाहणारी प्रश्नावली असते, ती भरून घेतल्यावर भीती स्पष्ट दिसली. प्रशिक्षकांनी मला सरावाच्या वेळी संघासोबतच ठेवलं, बाकीचे पळताना मी कडेला माझे व्यायाम करायचो. संघातून तुटलो नाही, हे मला फार उपयोगी पडलं.

आईचं करणारा मुलगा

आम्ही तिला जागचं उठूच द्यायचो नाही, "तू बस, मी आणतो" चालायचं. फिजिओंनी सांगितलं, मदत करा पण वॉकर तिच्या हाताशी ठेवा आणि पाणी तिचं तिला घेऊ द्या. तिचा चेहरा आधी बदलला, चाल नंतर.

खांदा आखडलेली

माझं नैराश्य आधीपासूनचं. दंडाच्या व्यायामाचा कागद समोर असायचा आणि अंथरुणातून उठवायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञांची औषधं नियमित झाली तेव्हा व्यायामही नियमित झाले. खांद्याच्या डॉक्टरांना हे सांगताना संकोच करू नका, कळकळीची विनंती.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचं लिहिणं मी माझ्या पेशंटना वाचून दाखवणार आहे. एक मात्र सांगते. मनाचा परिणाम होतो म्हणून प्रत्येक दुखणं "मनाचंच" समजून कुणी अंगावर काढू नये. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पू किंवा पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक इमर्जन्सीत जा. खुब्याच्या ऑपरेशनचे अनुभव अजून आले नाहीत, ते कुणी लिहाल का?