मदत हवी आहे: मूल वर्षभरासाठी परदेशी जाणार, ताब्याचा आदेश तिथे चालेल का?

आईवडील विभक्त, मूल 7 वर्षांचं, ताबा दोघांकडे. वडिलांच्या संमतीने आई मुलाला घेऊन एका वर्षासाठी दुसऱ्या देशात जाणार. दोन्ही देशांत 1980 चा (पालकाने नेलेलं किंवा अडवलेलं मूल परत पाठवण्याबद्दलचा) आणि 1996 चा (ताब्याचा निर्णय कुठलं कोर्ट देणार आणि तो दुसऱ्या देशात कसा चालणार याबद्दलचा) असे दोन्ही आंतरराष्ट्रीय हेग करार लागू आहेत. 'ताब्याचा वाद पहिल्या देशाच्याच कोर्टात चालेल' असं कलम आपसातल्या करारनाम्यात आहे. तेवढं पुरेल का? आणि मूल परत पाठवलं नाही तर?

प्रतिसाद 1

ते कलम टिकणार नाही. 1996 च्या कराराचं कलम 5 बघा: मुलाचं नेहमीचं वास्तव्य जिथे, अधिकार तिथल्या कोर्टाला. संमतीने गेलेलं मूल तिथे रुळलं की अधिकारही सरकतो, पालकांच्या सह्यांनी तो अडत नाही.

निघण्याआधी पहिल्या देशात कोर्टाचा आदेश घ्या. परतीचा नेमका दिनांक लिहा ('शाळा संपल्यावर' नको), मुक्काम तात्पुरता असल्याचं नमूद करा, सुट्टीतल्या भेटी आणि विमानभाडं कुणाचं तेही. मुलाचं म्हणणं ऐकल्याची नोंद हवीच; ती संधी दिली नसेल तर कलम 23 खाली मान्यता नाकारली जाऊ शकते. मग दुसऱ्या देशात कलम 24 खाली आगाऊ मान्यतेचा अर्ज करा. मान्यता कायद्याने आपोआप मिळते म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण सक्तीने अंमल करायला कलम 26 खाली वेगळी प्रक्रिया लागते.

प्रतिसाद 2

परत न पाठवल्यास 1980 च्या कराराखाली केंद्रीय प्राधिकरणाकडे (या करारासाठी प्रत्येक देशाने नेमलेलं सरकारी कार्यालय) अर्ज, मूल 16 च्या आतलं असेपर्यंत. मूल अडवून ठेवल्यापासून वर्षाच्या आत अर्ज कोर्टात पोचायला हवा, नंतर 'मूल रुळलंय' हा बचाव खुला होतो. खरी गोम अशी की अडवण्याआधीच वास्तव्य बदललेलं असेल तर या कराराखाली परतीचा आदेशच मिळत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेच म्हटलं.

वडिलांनी मेसेज जपून पाठवावेत. 'बरं, अजून एक सत्र राहू दे' एवढी ओळसुद्धा कलम 13 मध्ये संमती म्हणून पुढे येते. आणि परतीच्या अर्जात ताबा कुणाला हा वाद घालू नका, ते कोर्ट तो ठरवत नाही.

धागाकर्ता

आभार. दुसरा देश 1996 च्या करारात नसता तर?

प्रतिसाद 1

मग मिरर ऑर्डर: त्याच मजकुराचा आदेश तिथल्या कोर्टाकडून, जाण्याआधी. काही देशांत मूल पोचल्याशिवाय कोर्ट अर्जच घेत नाही. तिथे, मूल परत येईल याची हमी म्हणून, आईने पहिल्या देशाच्या कोर्टात अनामत रक्कम ठेवायची अट घालून घ्या.