मदत हवी आहे: पावसाळ्यात होंडुरासची सिगार नीट जळत नाही

नमस्कार. मी वेंगुर्ल्याला राहतो. अधूनमधून संध्याकाळी पडवीत बसून एकच सिगार ओढायची, एवढाच माझा शौक आहे. मेहुणे बोटीवर असतात. त्यांनी जानेवारीत होंडुरासमधल्या दान्ली गावी वळलेल्या २५ सिगारची पेटी आणून दिली. रोबुस्तो आकार, म्हणजे लांबी ५ इंच आणि जाडी ५० रिंग (इंचाचे ५०/६४). आतली तंबाखू तिथलीच, वरचे पान मात्र इक्वेडोरमध्ये पिकवलेले, कनेक्टिकट जातीचे फिकट पान. मे अखेरपर्यंत ती अगदी मनाजोगती होती: मध्यम कडक, भाजलेल्या काजूगराच्या जवळ जाणारी चव, आणि घशाला धूर लागतही नसे.

मृगाचा पाऊस लागला आणि तीच सिगार परकी झाली. धूर ओढायला जोर लावावा लागतो, एका बाजूनेच जळत जाते, दोन-तीनदा विझते आणि पुन्हा पेटवली की कडवट लागते. परवा तर पेटवलेल्या टोकापासून वरचे पान बोटभर उकलले.

चूक बहुधा माझीच असावी. सिगार सुकू नयेत म्हणून पेटीसोबत आलेला स्पंज मी सूचनेप्रमाणे दर आठवड्याला ओला करीत राहिलो. इथे जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे तेव्हा ध्यानातच आले नाही! शेवटी आर्द्रतामापक तपासून पाहिला. बाटलीच्या बुचात ओलसर मीठ घेऊन दोन्ही वस्तू बंद पिशवीत रात्रभर ठेवल्या. काटा ७५ टक्क्यांवर यायला हवा होता, तो ७९ वर आला. म्हणजे पेटीत दिसणारे ७८ हे खरे ७४ आहेत, तरीही ते जास्तच.

आता स्पंज काढला आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात ६५ टक्के आर्द्रता राखणारी पाकिटे ठेवावीत, की आधी ६२ ची ठेवून ओल उतरवावी? सिलिका जेलने पान एकदम सुकून तडकेल, अशी धास्ती वाटते. शिवाय पेटीत तापमान २८ अंशांच्या खाली येत नाही. अशा उबेत तंबाखूचा भुंगा (सिगार पोखरणारा किडा) धरतो, म्हणून उरलेल्या नऊ सिगार हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात का, आणि ठेवल्यास बाहेर कशा काढाव्यात?

एक मित्र होंडुरासच्याच जामास्त्रान खोऱ्यातल्या कोरोहो जातीच्या पानाची सिगार घ्या म्हणतो, पण ती माझ्यासाठी फार कडक आहे. दमट हवेत टिकेल अशी माझ्या सिगारच्याच धाटणीची दुसरी एखादी होंडुरासची सिगार कोणी किनाऱ्यावर राहून ओढली असेल, तर कृपया सुचवावी. मेहुणे गणपतीला येणार आहेत. त्याआधी कळले तर त्यांना नेमके सांगता येईल.